रुळांकडे जाणारी मुलगी

माय,

बोदवडहून त्या बाईचा फोन आला तेव्हा मी जळगावात पिंप्राळ्यातल्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी ब्रश धूत बसले होते. सकाळची वेळ, खाली भाजीची गाडी आलेली. नंबर अनोळखी होता. "शेळीच्या पुस्तकवाल्या ताई ना तुम्ही?" मी हो म्हटलं. मला वाटलं, कौतुकाचा फोन असेल, अधूनमधून येतात तसे. ती म्हणाली, "आमची पोरगी काल हरवली होती. सापडली, ठीक आहे आता. स्टेशनावर जाऊन बसली होती एकटीच. तुमचं पुस्तक होतं तिच्याजवळ." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला उलट काही बोलता तरी आलं असतं. मी एवढंच विचारलं, "केवढी आहे?" "सहावं चालू आहे." तिच्याकडे एक तान्हं बाळ रडत होतं, ते ऐकत मी फोन कानाला धरून बसले.

तू गेलीस तेव्हा माझं एकही पुस्तक आलेलं नव्हतं, म्हणून मी काय करते ते तुला सांगावं लागेल. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं करते मी. गोष्टही माझी आणि चित्रंही माझीच. एका पानावर फार तर दोन ओळी, बाकी सगळं चित्र. तू असतीस तर म्हणाली असतीस, "इतलंसं लिखाले वरीस लागस का तुले?" लागतं माय, कधीकधी त्याहून जास्त. या पुस्तकात एक मुलगी आहे. तिची शेळी दावं तोडून पळते. मुलगी तिच्यामागे निघते ती कापसाच्या वावरातून, नाल्यातून, थेट रुळांपाशी पोचते. तिथे दोन्ही पानं मिळून एकच मोठं चित्र आहे. भर दुपारचं पिवळं ऊन, लांबवर गेलेले रूळ आणि कोपऱ्यात ती एवढीशी. खाली एकच ओळ, 'ती चालत राहिली.' पुढे स्टेशन येतं, तिथे शेळी सापडते, बाकावर बसून दोघी गाड्या बघतात आणि संध्याकाळी परत फिरतात. संपली गोष्ट. रुळांच्या त्या पानाचं सगळ्यांनी कौतुक केलं. पुण्याची माझी संपादिका म्हणाली होती, "ताई, या रिकाम्या जागेतच सगळी गोष्ट आहे." मलाही तसंच वाटायचं.

फोन ठेवला आणि मी तेच पान उघडलं. मी कधीच न काढलेली मालगाडी मला त्या मुलीच्या मागे दिसायला लागली. पुस्तक मिटलं तरी दिसेच. ताटावर बसले पण घास उतरेना. हे पुस्तक किती घरांत असेल, कुठल्या कुठल्या गावांत, आणि त्यातल्या किती गावांतून रूळ जात असतील, हाच विचार. पाचोऱ्यातून जातात, धरणगावातून जातात. आता या घडीला एखादी पोर चपला घालत असेल. मोठी माणसं पुस्तक वाचतात आणि ठेवून देतात, मुलं मात्र त्यातून उठून चालायला लागतात. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण मी तुझी मुलगी आहे.

धरणगावला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत तू बालवाडी चालवायचीस. एकदा तू मुलांना वावटळीची गोष्ट सांगितलीस. वावटळ येते, टोप्या उडवते, वाळत घातलेले कपडे उडवते, आणि मग एका पोराला उचलून गावावरून फिरवून आणते. आम्ही सगळे हसलो. पिंजाऱ्यांच्या घरची एक मुलगी होती, ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिची आई सांगत आली, पोरगी उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकत नाही, बाहेर वारा आहे म्हणते. मी 'भित्री भागूबाई' म्हणून हसले तर तू असं पाहिलंस माझ्याकडे की मी भिंतीला टेकले. "गोष्ट सांगानं सोपं नही शे," तू म्हणालीस. "पोर तिन्हामा राहाले जास. मंग त्याले बाहेर काढानं काम बी आपलंच." मग रोज संध्याकाळी तू मला हाताला धरून त्यांच्या घरी घेऊन जायचीस. उंबऱ्यावर बसतेस, आणि तीच वावटळ पुढे सांगतेस. आज ती दमली आहे, आज तिला तहान लागली, आज ती कोणाच्या दारात पाणी मागते आहे. ती मुलगी आतून ऐकते. आणि एका संध्याकाळी ती पितळी तांब्या घेऊन बाहेर अंगणात येते, वाऱ्याला पाणी द्यायला. तिच्या आजीनं तुझा हात हातात घेतला होता, ते मला चित्रासारखं आठवतं.

इकडे पुस्तकाची दुसरी आवृत्ती छपाईला निघाली होती. मी संपादिकेला फोन केला. ती समजुतीनं म्हणाली, "ताई, मुलं काहीही करतात. पुस्तक नसतं तरी गेली असती ती. आपण शेवटच्या पानावर सूचना छापू, मोठ्यांसोबत वाचा म्हणून." मी म्हटलं, "मला आधी तिला भेटू दे." "भेटून काय होणार?" तरीही मी भुसावळला गाडी बदलून बोदवडला गेले. उतरल्यावर पाय आपोआप मंद झाले. फलाटाच्या पार टोकाला एक बाक होता. तोच असेल असं वाटून मी त्यावर बसले. समोरून एक मालगाडी न थांबता गेली, बाक खालून हलला, आणि ती गेल्यावरही मी बाकाची कड धरून बसून राहिले.

घर स्टेशनापासून जवळच होतं. ओसरीवर मुलीची आजी शेंगा फोडत बसलेली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं सूप बाजूला सारलं. "कायले लिहता असं? लेकरायले काय समजते?" मी खाली मान घालून उभी राहिले. तेवढ्यात मुलीची आई बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली, तिनं चटई टाकली, पाणी दिलं. "बसा ताई. त्या रागावल्या नाहीत, घाबरल्या आहेत." आणि मग ती मुलगी आली. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. पुस्तक तिनं पोटाशी धरलं होतं. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "हे तू काढलं?"

"हो."

"मग हिची आई कुठे गेली?"

मी म्हटलं, "घरी असेल."

"घर कुठे आहे?" तिनं पहिलं पान उघडलं, मग दुसरं, मग शेवटचं. घर कुठेच नव्हतं. मी इतक्या वेळा ती पानं रंगवली होती आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. ती रुळांच्या पानावर थांबली. "इथे हिला कोणीच शोधत नाही. म्हणून मी गेले."

"म्हणजे?"

"बाकावर बसून पाहत होते, मला शोधायला कोण येते ते."

मी विचारलं, "मग कोण आलं?"

"सगळे आले. बाबा रडले. आई बाळाला घेऊनच पळत आली, पायात चप्पल पण नव्हती." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की तिची आई बाळाला सावरायचं निमित्त करून आत गेली.

माय, परतीच्या गाडीत मला जे आठवलं ते मी तुला कधी बोलले नाही. मी पहिलीत असेन. तू बालवाडीतल्या कुठल्याशा मुलाला ताप आला म्हणून त्याच्या घरी गेली होतीस. मी जिनिंगच्या आवारात शिरले आणि कापसाच्या ढिगामागे जाऊन बसले. तू येशील, हाका मारशील, मी लगेच ओ द्यायची नाही, असं सगळं ठरवून. कापूस उबदार असतो, त्यात बसलं की बाहेरचे आवाज लांब जातात. मी कान देऊन बसले आहे. हमाल एकमेकांना हाका मारतात, बैलगाड्या रिकाम्या होऊन निघतात, माझं नाव कोणी घेत नाही. दिवेलागणीला मीच उठून घरी आले. तू चुलीपाशी होतीस. "हातपाय धुई ले, जेवाले बस," म्हणालीस. माझ्या केसांत, फ्रॉकला कापूस चिकटला होता. तो तू पाहिलास की नाही, मला ठाऊक नाही. तुझ्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. त्या मुलाला खरंच ताप होता. पण माझ्या पुस्तकातल्या मुलीला घर का नाही, ते मला त्या गाडीत कळलं. मी काही वगळलं नव्हतं. मला ती जागा तशीच माहीत होती.

घरी येऊन मी ते पान पुन्हा काढायला घेतलं. मुलीला रुळांपासून मागे, कुंपणाच्या अलीकडे आणलं. आणि डाव्या बाजूला, त्या पिवळ्या उन्हात, एक बाई काढली. अनवाणी, पदर खोचलेला, धावत येणारी. सोपं वाटतं ना? पण हात चालेना. एकदा ती बाई मारायला आल्यासारखी दिसे, एकदा भीक मागायला. कागदामागून कागद फुकट गेले. आणि मनात सारखी दुसरीच भीती. आता एखादी पोर हे चित्र बघून, आपली आई अशी धावते का हे पाहायला निघाली तर? कुठलं चित्र धोक्याचं नाही, हे कोण सांगणार? शेवटी जे जमलं ते पाठवलं. संपादिका म्हणाली, "ताई, पान जड झालं. पहिलंच सुंदर होतं." खरंच होतं. मी म्हटलं, "असू दे जड." आम्ही दोघी त्यावर बराच वेळ वाद घालत होतो, मग ती म्हणाली, "पुस्तक तुमचं आहे," आणि तेच छापलं.

पहिली प्रत मी बोदवडला पाठवली. थोड्या दिवसांनी फोनवर तोच नंबर दिसला. घंटा संपत आली तेव्हा उचलला. मुलीची आई म्हणाली, "ताई, पुस्तक मिळालं. रोज तेच पान काढून बसते. त्या बाईवर बोट ठेवते आणि ते बोट सरकवत सरकवत पोरीपर्यंत नेते. पोचली की मग पान उलटते." मी विचारलं, "परत कुठे गेली नाही ना?" "नाही." आणि जरा थांबून ती म्हणाली, "मीच आता तिला शाळेत सोडायला जाते. बाळाला सासूबाई घेतात." मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा पोटभर जेवले.

इथे संपलं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं. टपालात टाकण्यासारखं हे नाहीच. फुकट गेलेल्या त्या कागदांच्या पाठीवर लिहिते आहे, त्यांच्यातच राहील. पण कोणाला तरी सांगायला हवं. नवं पुस्तक सुरू आहे. त्यात एक मुलगा तापीत उतरून आपली कागदाची होडी शोधतो. त्याला घर आहे, आजी आहे, काठावर मामा उभा आहे, सगळे आहेत. बाकीची पानं रंगवून झाली. नदीचं पान तेवढं कोरं आहे. संपादिका विचारते, तिला मी सांगितलंय की मला हवा तसा निळा रंग जळगावात मिळत नाही, मागवलाय, आला की करते. ती बिचारी थांबली आहे.

माय, निळा कधीच आलाय. मी अजून त्याचं झाकण उघडलेलं नाही.