सगळे सुखरूप, मुक्काम नुंगंबाक्कम

१२ डिसेंबर, शुक्रवार

मंडळाची सभा. बोंडे गार, चटणी आंबट. विषय एकच. आमची 'सुखरूप' ही साइट उघडली की ब्राउझर वरती 'असुरक्षित' असं लिहून दाखवतो. अध्यक्ष राजगोपालराव म्हणाले, साइट संयुक्तानं बनवली आहे, ती शोळिंगनल्लूरला नोकरीत अडकलेली असते, पुढच्या रविवारी येऊन करून देईल. मी म्हटलं, एवढ्याशा कामासाठी त्या पोरीला ट्रॅफिकमधून कशाला पळवता? साइटला एक कुलूप तर लावायचंय. मी लावतो. उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलाय माझा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर विद्युलता म्हणाली, सिग्नल खात्यात तुम्ही लोकांच्या रजा मंजूर करत होता. बायकोला बाहेरचं काही सांगूच नये.

१३ डिसेंबर, शनिवार

कामाचं स्वरूप स्वतःपुरतं स्पष्ट असावं म्हणून लिहून ठेवतो. एकटे राहणारे म्हातारे रोज सकाळी फोनवर 'मी सुखरूप' हे बटण दाबतात. दाबलं की मंडळाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर त्यांच्या नावापुढे हिरवी खूण येते आणि परदेशातल्या मुलाला मेसेज जातो. दहापर्यंत दाबलं नाही तर लाल खूण. मुलाला मेसेज, मला मेसेज, आणि मी जाऊन दार वाजवायचं. बस. यात न कळण्यासारखं काय आहे?

यातल्या सगळ्यात कटकट्या म्हणजे आमच्या गल्लीतल्या त्रिपुरसुंदरीबाई, सगळ्यांच्या सुंदरीमामी. तंजावरकडच्या मराठी, बोलणं अजून जुनं 'मज-तुज'चं. वय ऐंशीच्या पुढे. दोन अपार्टमेंटांच्या मधे त्यांचं बसकं घर आहे, तिथे एकट्या. मुलगा वेंकट सिंगापूरला. माय-लेकांचा करार आहे: रोज हिरवी खूण आली तर अम्मानं स्वतःच्या घरात राहायचं, नाहीतर कोइंबतूरच्या वृद्धाश्रमात त्यानं जागा धरूनच ठेवली आहे. मामी म्हणतात, मज या घरातून चौघांनी उचलूनच न्यावं. म्हणून बाई पहाटे उठून पहिलं बटण दाबतात, मग दारापुढे कोलम घालतात. कोलम म्हणजे इकडची, चेन्नईची रांगोळी. चांगली अर्धी गल्ली अडवते. मी काठी टेकत फिरायला निघालो की मला वळसा घालावा लागतो. एकदा चुकून बूट पडला तर चार दिवस ऐकून घेतलं.

१४ डिसेंबर, रविवार

फत्ते! इंटरनेटवर पाहून पाहून सर्टिफिकेट आणलं, बसवलं. मधे तासभर मंडळाच्या खोलीतला सर्व्हर उठायलाच तयार नव्हता. सेटिंगच्या फाइलमध्ये एक कंस राहिला होता. कंस घातल्यावर मुकाट्यानं उठला. साइट आतापर्यंत ऐंशी नंबरच्या दारानं चालायची, आता कुलूपवाल्या चारशे त्रेचाळीस नंबरच्या दारानं चालते. जुनं दार राउटरमधूनच कायमचं बंद करून टाकलं. असल्या कामात अर्धवटपणा नको.

मंडळाच्या कॉम्प्युटरवर साइट उघडून पाहिली. वर छोटंसं कुलूप. इतकं गोड दिसलं की फोटो काढून ग्रुपवर टाकला. संयुक्तानं विचारलं, काका, बाहेरून उघडून पाहिलंत का? मी अंगठा पाठवला. आजकालच्या मुलांना मोठ्यांचं एक काम सरळ कौतुकानं बघवत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून फोनला उसंत नाही. सगळ्या म्हाताऱ्यांची एकच रड. बटण दाबलं की चाक फिरत राहतं, पान उघडत नाही. मी प्रत्येकाला शांतपणे सांगितलं की तुमचा फोन जुना आहे, बंद करून चालू करा. दहा वाजता सगळी नावं लाल. सिंगापूर, डॅलस, दुबई, सगळीकडून मुलांचे फोन. वेंकट तर ओरडलाच.

मंडळात जाऊन तपासलं. इथे साइट लख्ख उघडते. सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, पाहिली. एकही एरर नाही, पान कोरं. ज्याच्याबद्दल एकही तक्रार लॉगमध्ये नाही तो सर्व्हर बिघडलेला कसा असेल? दोष लोकांच्या फोनमध्ये आहे, लिहून देतो.

संयुक्ताला विचारावं असं विद्युलतेचं मत. माझं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

तमिळ मार्गळी महिना लागला. म्हणजे कोलम आणखी मोठा. आज मामींनी शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याची फुलंसुद्धा खोचली होती. मी नालीच्या काठावरून सर्कस करत पुढे गेलो.

अकराला मामी स्वतः मंडळाच्या खोलीत हजर. धापा टाकत. वेंकटनं दोन दिवसांचं लाल पाहून कोइंबतूरला फोन केला म्हणे. खुर्चीवर बसल्या आणि ढसढसा रडल्या.  पंखा वाढवला. त्यांचं म्हणणं, शरदराव, पहिल्यासारखं करून दे रे बाबा, तुझं कुलूप मज नको. मी समजावलं की विज्ञान मागे जात नाही. पण साइट ठाकठीक होईपर्यंत तुमचं बटण इथे बसून मीच दाबीन, वेंकटला हिरवं दिसेल, कोइंबतूर विसरा. त्यांनी डोळे पुसले, सेरी, म्हणजे बरं, म्हणाल्या. मग जाताना म्हणाल्या, पण येता-जाता माझ्या दाराकडे बघत जा हां, बघून मग दाब.

बघतोच की. रोज वळसा कोण घालतं? तेही बोलून घेतलं. म्हटलं, मामी, कोलम जरा आवरता घ्या, म्हातारी माणसं पडतील. हसल्या. 'जाते' त्या कधीच म्हणत नाहीत, नेहमीप्रमाणे 'जाऊन येते' म्हणाल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

विद्युलता बहिणीकडे बंगळूरला गेली. शनिवारी येईल. घर शांत. डोकं चालेल.

एका मामींचंच बटण दाबणं बरं दिसेना, म्हणून सगळ्यांचीच दाबली. उगाच पक्षपात नको. सगळी नावं हिरवीगार. लाल खुणेचे मेसेजही बंद करून ठेवले, नाहीतर फोन दिवसभर किणकिणतो आणि एकाग्रता जाते. सगळ्या म्हाताऱ्यांना कळवलं, दोन-तीन दिवस बटणाला हात लावू नका, फोनही करू नका, मी आहे.

दुपारी वेंकटचा आभाराचा मेसेज आला. अंकल, अम्मा इज इन सेफ हँड्स. राजगोपालरावांना दाखवला.

राउटर बंद-चालू केला. वायर बदलली. सर्व्हरची जागा बदलून खिडकीशी ठेवला. बाहेरून अजून चाकच फिरतं. हरकत नाही. जवळ आलोय.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज चमत्कार. मामींच्या दारापुढे कोलम नाही! पांढरा ठिपकासुद्धा नाही, रस्ता स्वच्छ. मंगळवारचं बोलणं लागू पडलं म्हणायचं. माणसाला उपकाराची जाण असते, फक्त स्पष्ट बोलावं लागतं. पहिल्यांदाच काठी टेकत सरळ गेलो, एकदाही न थांबता.

मंडळात पोचून सगळ्यांना हिरवं केलं. मामींना सगळ्यांत आधी.

दुपारी जेवून झोपलो तर कावळ्यांनी झोपू दिलं नाही. मामींच्या भिंतीवर ओळीनं बसून कोकलत होते. मामी रोज जेवायच्या आधी त्यांना भात ठेवतात, लाडावून ठेवलेत. कानात कापूस घातला.

संध्याकाळ. आभाळ फार काळं. लॉग अजून कोरा. इतका कोरा की पाहताना मधेच कसंसं वाटलं. मग चहा घेतला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आजही रस्ता स्वच्छ. आजही सरळ गेलो. मामींच्या खिडक्या बंद होत्या, पावसाळी हवा आहे, शहाणपणा केला. मधेच मागून कोणी हाक मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं, गल्लीत कुत्रं नव्हतं. कावळे मात्र कालच्यापेक्षा जास्त.

सगळे हिरवे.

एकाही म्हाताऱ्याचा फोन नाही. एकाही मुलाचा नाही. राजगोपालरावांनी विचारलं, साइट कशी आहे. म्हटलं, इतकी शांतता मंडळात आजवर कधी नव्हती. रविवारी संयुक्ता आली तरी तिला हात लावायला काही उरणार नाही. उद्या शेवटचा घाव. सर्टिफिकेट काढून पुन्हा बसवतो.

विद्युलतेचा फोन. मामी फोन उचलत नाहीत, जाऊन बघा म्हणाली. म्हटलं, झोपल्या असतील, सकाळीच हिरव्या होत्या. तिनं विचारलं, हिरव्या कोणी केल्या? रेंज खराब होती. ठेवला.

२० डिसेंबर, शनिवार, सकाळ

विद्युलता परत आली. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडून चालत येत होती. मी बाल्कनीतून हात केला. ती मामींच्या दाराशी थांबली, खाली रस्त्याकडे बघितलं, बॅग तिथेच टाकली आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. मी वरून ओरडून सांगितलं की अगं, हिरवं आहे. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

तोच दिवस, दुपार

लिहावंसं वाटत नाही. पण सवय आहे.

शेजारच्या अपार्टमेंटच्या वॉचमननं मागचं दार तोडलं. मामी न्हाणीघरात पडल्या होत्या. गुरुवारी पहाटेपासून. कोलमाच्या आधी अंघोळ करायला गेल्या आणि पाय सरकला. फोन बाहेर फळीवर. बादलीतलं पाणी हातानं घेऊन पीत होत्या. खुब्याचं हाड मोडलंय. पण शुद्धीत आहेत.

विद्युलता अँब्युलन्समध्ये बसली. मार्गळीत कोलम नाही म्हणजे त्या घरात काहीतरी वाईट झालंय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, असं म्हणाली. आपल्याला चेन्नईत येऊन तीस वर्षं झाली, तुम्ही रोज खाली बघूनच चालता ना, असंही म्हणाली.

मी मंडळात गेलो नाही.

२१ डिसेंबर, रविवार

वेंकट रात्रीच्या विमानानं आला. त्यानं विचारलं, गुरुवार-शुक्रवारी मला हिरवा मेसेज कसा आला? तांत्रिक अडचण, असं मी सांगितलं. राजगोपालराव खिडकीबाहेर बघत राहिले.

संयुक्ता आली. कॉम्प्युटरपाशी बसली. जुनं दार मी राउटरवर बंद केलं, पण नवं दार राउटरवर उघडलंच नव्हतं. बाहेरून कोणाला आत यायला वाटच नाही. आत बसलेल्या मला मात्र सगळं उघडं दिसत होतं. एररही कुठून येणार, सर्व्हरपर्यंत कोणी पोचलंच नाही. तिनं ते दार उघडलं आणि लाल खुणेचे मेसेज पुन्हा चालू केले. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या ठिकाणी मी पोचणारच होतो. शनिवारी नाहीतर सोमवारी.

२४ डिसेंबर, बुधवार

हिय्या करून हॉस्पिटलात गेलो. मोसंबी नेली. विद्युलता भात भरवत होती. मामींचा चेहरा एवढासा झालाय. माफी मागायची ठरवून गेलो होतो, राउटरबद्दल बोलत राहिलो.

मामींनी ऐकून घेतलं. मग हळूच सांगितलं. न्हाणीघर रस्त्याच्या बाजूला आहे. रोज सकाळी त्यांना माझी काठी ऐकू येते. दाराशी आली की ती थांबते, बाजूला जाते, मग पुढे जाते. गुरुवारी त्या काठीची वाट बघत पडल्या होत्या. आता थांबेल, कोलम नाही म्हणून दार वाजवेल. पण काठी सरळ गेली. शुक्रवारीही सरळ गेली. शुक्रवारी हाक मारली, आवाज निघेना. कावळे ओरडत होते.

तुज दिसलं नाही का रे, असं विचारलं त्यांनी. रागानं नाही.

दिसलं होतं, म्हणालो. बरं वाटलं होतं, हे नाही सांगितलं.

५ जानेवारी, सोमवार

मामींना हॉस्पिटलातूनच कोइंबतूरला नेलं. घरी नेलं तर निघणार नाहीत म्हणून वेंकटनं गाडी गल्लीत आणलीच नाही. विद्युलतेनं त्यांच्या साड्या आणि देव बांधून दिले. कोलमाच्या पिठाचा डबा वेंकटनं परत पाठवला. तिकडे फरशी आहे म्हणे.

आज मला रडू आलं. दुपारी, मंडळात, कोणी नसताना.

६ जानेवारी, मंगळवार

साइट उत्तम चालते. वर कुलूप दिसतं. सगळ्यांनी स्वतःची बटणं स्वतः दाबली. एक नाव यादीतून काढायचं राहिलंय. राजगोपालराव म्हणाले, तुम्हीच काढा. उद्या काढतो.

सकाळी फिरायला गेलो. मामींच्या दाराला कुलूप. दारापुढे काही नव्हतं. तरी थांबलो, नालीच्या काठावरून वळसा घालून गेलो.