गव्हाच्या मोडाचं पाणी

माह्या मैतरणीले, शीलाबाईले लोहाऱ्याहून चंदीचा रामराम.

नाही वं बाई, दारू नाही काढून राह्यली मी! तांड्यावरचा शाम इथं आलता, त्यानं गिलासातला फेस पाह्यला अन् परत येऊन तांडाभर बोंबलला. मोड आलेले गहू दोन दिवस पाण्यात ठेवतो, आंबट झालं का गाळून पेतो. चढत नाही, पोट हलकं राह्यते.

मेसमधलं सयपाकाचं काम बरं हाये. जेवणबी तिथंच.

गंमत आयक. माह्या खोलीच्या खाली संपतराव म्हणून मेडिकलवाले हायेत. त्याह्यले म्हटलं, “मोड आले, पण बारीकच हायेत. पातळ फडकं भेटन काय?” त्याह्यनं मान खाली घालून मूळव्याधीचं मलम देल्लं! मी हासू हासू मेली. दुसऱ्या दिवशी गिलासभर पाणी नेलं, तं म्हणे, “हे लावाचं का पेवाचं?” आता रोज सकाळी पेतात.

तुहा गुडघा कसा हाये? एकटीनं हंडे उचलू नको, शेजारच्या बबिताले सांग.

परत कवा येतं, म्हणून तू सारखी इचारतं अन् मी टाळतो. बाई, मी येत नाही. माहा नवरा गेला तशी संपतरावचीबी बायको जाऊन लय वर्सं झाली. त्याह्यनं लग्नाचं इचारलं, अन् म्या हो म्हटलं.

तुही चंदी