देझो येतोय

व्हिएन्ना, नोव्हेंबर १९२१

माझ्या लाडक्या इल्का,

मी ठणठणीत आहे. फ्रान्सनं आपल्या परागंदा कामगार सरकारला मान्यता दिली. तुझा नवरा आता रीतसर रेल्वेमंत्री झाला, फक्त रेल्वे तिकडे राहिली.

बुडापेस्टला गुपचूप माणूस पाठवायचं ठरलं, तेव्हा मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, "मंत्री पकडला गेला तर सरकारची अब्रू जाईल. देझो जाईल."

तोच देझो, ज्यानं माझ्याआधी तुला मागणी घातली होती! सापडला तर फाशी आहे, तरी मला त्याचाच हेवा वाटतो. उतरणार आपल्या घरी, तुझ्या हातचा बटाट्याचा रस्सा ओरपणार. हे पत्रही त्याच्याच हाती देतोय.

आईचा खोकला कसा आहे?

त्याला माळ्यावर झोपव. शेजाऱ्यांनी विचारलं तर भाऊ आलाय म्हण. कुणी नाही विचारलं, तरी त्याच्यादेखत एकदा म्हणच.

फक्त तुझाच,
ओडन