खटका राहू द्या

१२ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बाबांचा स्टुडिओ चालवतोय. पासपोर्टचे फोटो, लग्नं, शाळेचे ग्रुप; पोटापुरतं मिळतं.

तुझ्या कंपनीचा नवा कॅमेरा मिळाला. पुढे काय बनवायचं याचा सल्ला तुम्हाला जुन्या गिऱ्हाइकांकडून हवाय म्हणे. एवढी महागडी कंपनी आणि सल्ला माझा मागते, म्हणजे तिचं कठीणच दिसतंय. पण विचारलंसच तर सांगतो.

वजन कमी केलंत, माझा खांदा दुवा देतो. लेन्सला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पडद्यावरची बटणं मात्र कमी करा. एक शोधायला जावं तर दुसरंच सापडतं, तोवर नवरा-नवरी घरी पोचलेले असतात.

आणि फोटो काढतानाचा आवाज तुम्ही पार काढून टाकलात. जाहिरातीत त्याचंच कौतुक आहे. तो परत आणा.

का ते सांगतो. पहिला फोटो आईचाच काढला, तुला पाठवायला. नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून बसवली. ती हसली, मी फोटो काढला आणि कॅमेऱ्यात तो बघत बसलो. मान वर केली तर ती अजून तशीच हसत होती. गाल थरथरायला लागले होते.

"काढला का रे?"

"केव्हाच."

"मग सांगायचं नाही का? ह्यांच्या कॅमेऱ्याचा खटका ऐकू यायचा. कळायचं तरी, की सुटलो."

ठमे, आईला दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यापासून. काचबिंदू होता, तिने अंगावर काढला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. खिडकीकडे बघणारे जे फोटो मी पाठवत आलो, 'दादा, हात काय बसलाय तुझा' असं तू ज्यांना म्हणालीस, ते सगळे तिचे डोळे तुला दिसू नयेत म्हणून तसे काढलेत. तिनेच शपथ घातली होती.

तू ह्या नोकरीसाठी घर सोडलंस तेव्हा 'पुन्हा मला तोंड दाखवू नकोस' म्हणाली होती. परवा जेवताना म्हणाली, "जळली माझी जीभ. बोलले तेच खरं झालं." मग ताटातलं नुसतं चिवडत बसली. मला फार वाईट वाटलं गं, आणि तुम्हा दोघींचा रागही आला. इतकी वर्षं तू तिच्या त्या एका वाक्याला धरून बसलीस, आणि ती तुझ्या न येण्याला. हट्टात एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

शपथ मोडलीय. तिला कळलं की रागावेल. रागावू दे.

त्या दिवशी दुसरा फोटो काढला, समोरून. बटण दाबलं आणि तोंडानेच 'खट्' म्हणालो. ती खरंखुरं हसली. लगेच आणखी एक काढला, तोच सोबत पाठवतोय. नीट बघ.

कंपनीला काय सांगायचं ते सांगितलं. तुला एवढंच, की ये. फार लांबवू नकोस. आणि आलीस की दारात उभी राहून नुसती बघत राहू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे. तू आलीस हे तिला कळणार नाही.

दारातूनच हाक मार.

तुझा,
दादा