भिंगरीचं जाकीट

६ नोव्हेंबर, गुरुवार

झाली बाई एकदाची सायकल! जुनीच आहे, पण घंटी अशी खणखणीत! मी इतकी वाजवली की सायकलवाला म्हणाला, "आजी, पुरे आता, माझी गिऱ्हाइकं पळतील."

भिंगरी म्हणजे माझी नात. लहानपणापासून एका जागी बूड टेकेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिला रक्त तपासणाऱ्यांकडे नोकरी लागलीय. सकाळी घरोघर जायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं रक्त काढायचं, थंड पेटीत ठेवून आणून द्यायचं. पहिले काही महिने ही फिरती, मग आत बसून काम. पायी कुठं कुठं पुरी पडणार? सायकल हवीच.

पण आमच्या घरात सायकल म्हणजे पाप. माझा पोरगा बस चालवतो. "चाकाखाली काय काय येतं ते मी बघितलंय आई. माझ्या घरात सायकल येणार नाही" — संपलं! त्याचंही खोटं नाही. पण पोरीचंही खोटं नाही. मी म्हटलं, घरात नको ना? मग खाली सायकलवाल्याच्या दुकानात राहू दे की! पोरगा अंधारातच कामावर जातो, त्याला कळतंय कशाला. त्याला सांगितलंय, तिला न्यायला हापिसची गाडी येते. सून तिच्या आईच्या दुखण्याला गेलीय म्हणून जमलं. ती असती तर माझ्या तोंडावरूनच ओळखती.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पण असल्या कटाला तिसरी रग्गड झाली!

९ नोव्हेंबर, रविवार

पडद्याचं उरलेलं कापड होतं, पिवळंजर्द. त्याचं भिंगरीला बिनबाह्यांचं जाकीट शिवलं. गुडघे कुरकुरतात, पण मशीनवर बसले की माझे पाय अजून सोळा वर्षांचे. पाठीवर चकचकीत पट्टी लावली. पोरगी घालून उभी राहिली आणि म्हणते, "आजी, मी पिकलेलं लिंबू दिसतेय." मी म्हटलं, दिस. लिंबू तर लिंबू. मैलावरून दिसलीस म्हणजे झालं.

सायकलवाल्यानं तिला चार गोष्टी शिकवल्या. उभ्या मोटारींना घासून जायचं नाही, कोण कधी दार उघडेल नेम नाही. दाराएवढं अंतर सोडून चालवायची, भले मागच्यानं कितीही भोंगा वाजवला तरी. वळताना हात दाखवायचा. मला हसू आलं. आमच्या वेळी बायका वळताना पदर सावरायच्या, ह्या हात दाखवतात!

१२ नोव्हेंबर

खिडकीतून बघितली. पुलाच्या दिशेनं निघाली, केवढी ताठ! पार कोपऱ्यापर्यंत पिवळा ठिपका दिसत होता. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पोराची पाळी बदलून तीन दिवस झाले. आता सकाळी पुलाच्या रस्त्यावर. आल्या आल्या कुरकुर — पूल अरुंद, वेळ अपुरी, उशीर झाला की वरून बोलणी. मग म्हणतो, "त्यात ती एक पिवळी! रोज सकाळी बरोब्बर रस्त्याच्या मध्ये. मागं पेटी बांधलेली, तोंडाला फडकं. कितीही भोंगा वाजव, कडेला म्हणून होत नाही. रस्ता काय तिच्या बापाचा आहे?"

मला असा ठसका लागला! पाणी प्यावं लागलं. तिच्या बापाचाच की रे बाबा!

भिंगरी ताटात मान घालून बसली होती, कान लाल. नंतर दोघी मोरीत जाऊन तोंडावर हात धरून हसलो. लेक रोज पुढं, बाप रोज मागं, आणि त्याला पत्ता नाही! वरून त्याला नुसतं हेल्मेटचं टोपडं दिसतं म्हणे. इतकं हसू मला कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मी आडून आडून सुचवून बघितलं. म्हटलं, अरे, ती मध्ये चालवते ते उभ्या मोटारींची दारं उघडतात म्हणून असेल. "तुला काय माहीत गं आई? तू कधी बसली होतीस सायकलवर?" मी म्हटलं, तू तरी कधी बसलास? तो उठून हात धुवायला गेला. पण चेहरा चढलेला. आज पुन्हा उशीर झाला म्हणून साहेबानं सगळ्यांसमोर झापलं त्याला. त्याचा राग साहेबावर निघत नाही. तो निघतो त्या पिवळ्यावर.

आज हसू नाही आलं.

२० नोव्हेंबर

भिंगरीचं कोपर खरचटलंय. "काही नाही गं, घसरले." हळद लावताना — मी काही अशी सोडते होय! — बोलली. एक बस मुद्दाम दाबते. पुलाच्या तोंडाशी इतकी जवळून नेते की हात लांब केला तर पत्रा लागेल. आज कठड्याला टेकावं लागलं.

"चालवणारा कोण बघितलास का?"

"आजी, तेव्हा मी पुढं बघू की वर बघू?"

संध्याकाळी पोरगा खुशीत. चहा मागून घेतला. "आज जरा दाबली त्या पिवळीला. गेली मुकाट कडेला. असा धडा दिल्याशिवाय ह्यांना कळत नाही."

मी चहा कपाबाहेरच ओतला. त्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, चटका.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रभर कुशी बदलल्या. आपलेच दात, आपलेच ओठ.

पोराला सांगू? सायकल त्याच दिवशी भंगारात, आणि नोकरी तिच्या मागोमाग. पोरीनं शपथ घातलीय — "आजी, आत बसायची जागा मिळेपर्यंत फक्त." पोरीला सांगू, की तो दाबणारा तुझा बाप? मग ती त्याच्या ताटात ताट लावून कधी जेवेल का? वाईट माणूस नाही तो. मला ताप आला तेव्हा उशाशी बसून होता. मांजर आडवं गेलं तरी ब्रेक दाबतो. पण त्या खुर्चीत बसला की त्याला माणसं दिसत नाहीत, नुसता उशीर दिसतो.

दुसरा रस्ता धर म्हणावं, तर नदीला पूल एकच.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज हिय्या केला. तो बूट पुसत बसला होता. म्हटलं, अरे, ती पिवळी कुणाची तरी लेक असेल. त्यानं फडकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "म्हणूनच चीड येते आई. कुणाची तरी असेल, आणि त्यांनी तिला असं सोडलंय रस्त्यावर. माझी असती तर तंगडं मोडून घरात बसवली असती." आणि मग एक जुनी हकीकत सांगितली, त्याच्या पुढच्या बसखाली आलेल्या एका माणसाची. ती मी इथं लिहिणार नाही.

गेले आत.

२५ नोव्हेंबर

"उद्या नाही हलली ना, तर बघतोच." — पोरगा, जेवताना.

भिंगरीनं भाजी वाढून घेतली, जणू ऐकलंच नाही. ऐकलं असेल का? त्या पोरीच्या मनाचा थांग मला लागत नाही हल्ली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सुचलं! माझं मलाच नवल वाटतंय, एवढे दिवस कसं सुचलं नाही!

त्याचं भांडण भिंगरीशी थोडंच आहे? त्याचं भांडण त्या पिवळ्याशी. पिवळं नसलं तर भांडण कुणाशी करील? ट्रंकेत सासऱ्यांच्या कोटाचं राखाडी कापड पडून होतं. आज माझ्या पोटदुखीचं कारण सांगून भिंगरीला घरी ठेवलं आणि दिवसभरात नवं जाकीट उभं केलं. कापड असं की भिंतीशी उभी राहिली तर भिंत! पेटी ओळखायची म्हणून पेटीलाही त्याच कापडाचा अभ्रा घातला. पेटीच्या मागं लावलेली लाल चकचकीत पट्टी त्याच्याखाली गेली, पण बसला कसा चोख! एक सुरकुती नाही.

भिंगरीनं हात लावून बघितलं. "आजी, पण मग बाकीच्यांना कशी दिसणार मी?"

"दिवसाढवळ्या जातेस ना? लोकांना काय डोळे नाहीत? तुझा बाप आता त्या रस्त्यावर आलाय. पिवळ्यानं एक दिवस ओळखेल. मग बस घरात."

एवढंच सांगितलं. दाबणाऱ्याचं नाही सांगितलं. तिनं जाकीट घातलं.

२७ नोव्हेंबर

सायकलवाला म्हणतो, "हे काय आजी, लिंबाची राख केली?" त्याला म्हटलं, तू पंक्चर काढ. पुन्हा म्हणाला, आता धुक्याचे दिवस आलेत, मी काही हे चांगलं म्हणणार नाही. ह्याला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची खोड. परवा माझ्या चपलेलाही नावं ठेवली.

खिडकीतून बघत होते. दुधवाल्याच्या पुढं गेली आणि दिसेनाशी झाली. एवढ्या लवकर? चष्म्याचा नंबर वाढला असेल माझा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पोरगा आला तो शीळ घालत! "गेली बाई ती पिवळी. चार दिवस झाले, दिसली नाही. अक्कल आली वाटतं." आज वेळेवर पोचला, साहेबानं पाठ थोपटली. येताना मला मऊ चप्पल घेऊन आला.

जीव भांड्यात पडला! तिघं हसत जेवलो. भिंगरीनं बापाची नक्कल केली, भोंग्यासकट. तोही हसला. घर पुन्हा घरासारखं वाटलं. नवी चप्पल घालून मी दोन फेऱ्या मारल्या.

१ डिसेंबर, सोमवार

भिंगरी आज उशिरा आली. एका मोटारवाल्यानं गल्लीतून गाडी काढली ती थेट तिच्यापुढं. वाचली. खाली उतरून तिच्याकडे बघून घाबरला म्हणे, भुताकडे बघावं तसा. ती सांगताना हसत होती, पण पाण्याचे दोन पेले उभ्यानंच प्यायली.

"आजी, पिवळं घालू का पुन्हा?"

म्हटलं, आणखी थोडे दिवस. आत्ताच कुठं तुझ्या बापाचं डोकं शांत झालंय. नीट बघून चालव.

तिनं राखाडी जाकीट खुंटीला अडकवलं. मग "बरं" म्हणाली.

२ डिसेंबर

धुकं. समोरच्या घराचं दार दिसत नाही. पोरगा गेला. ती निघाली. घंटी ऐकू आली, ती मात्र दिसली नाही. दुपारी परत आली तेव्हा मिठीच मारली मी! "आजी, हाडं मोडतील," म्हणते. वेडी.

उद्या पिवळं काढून देते तिला. बाप ओरडला तर ओरडू दे. नाही — रविवारपर्यंत थांबते. रविवारी तो घरी असतो, जेवण झाल्यावर शांतपणे सगळंच सांगेन. रविवार काही लांब नाही.

३ डिसेंबर, बुधवार

आजही धुकं. कालच्याहून दाट.

४ डिसेंबर

भिंगरी आत आहे. अजून डोळे उघडले नाहीत. पोरगा दवाखान्याच्या बाकावर, बसच्या गणवेशात तसाच. हेल्मेट काढल्यावर त्याला कळलं कोण ते. पोलीस विचारतोय, तो एकच सांगतोय — "साहेब, मला पुढं कोणी दिसलंच नाही."

खोटं नाही बोलत तो. मी शिवलंच तसं होतं.