फोनवरचा भाऊ

९ ऑक्टोबर २०२१, शनिवार

हॉटेल उघडणार! सरपंचांनी दुपारी घरोघरी सांगितलं – डिसेंबरात नादीला विमानं उतरणार, फिजी पुन्हा पाहुण्यांना खुलं. आमच्या हॉटेलात एक नोव्हेंबरपासून साफसफाईला माणसं हवीत. आई म्हणाली, सुटलो. सुटलो खरंच. दीड वर्ष कसाव्याचे कंद आणि मासे खाऊन जीभ विटली आहे. पण मला आधी आठवला तो धोबीखान्याच्या भिंतीवरचा फोन.

११ ऑक्टोबर

इलाइतिया आज समोरून आला. खांद्यावर जाळं, नजर जमिनीवर. मीही कमरेला गुंडाळलेलं सुलू सावरत कुंपणाकडे वळले. सख्खा भाऊ, पन्नास पावलांवर घर, आणि बोलायचं नाही! वयात आल्यावर भावाबहिणीनं एकमेकांशी बोलायचं नसतं, ही आमची रीत. मला ती मान्य आहे – म्हणजे होती. हॉटेलानं बिघडवलं मला.

तो बॉयलरवर, मी धोबीखान्यात. वाफ कमी पडली की फोन करावाच लागे. पहिल्या वर्षी "वाफ कमी आहे", "बघतो", एवढंच. पण तोंडच दिसत नाही, तर रीत तरी कुठे मोडते? बारा वर्षांत वाफेवरून आईच्या गुडघ्यांवर आलो, गुडघ्यांवरून माझ्या नवऱ्यावर. नवरा सोडून गेला त्या महिन्यात तो रोज दहा वाजता फोन करायचा. वाफ अगदी ठीक असायची. विचारायचा, काही खाल्लंस का?

मला तो आवाज हवा आहे. बस.

१७ ऑक्टोबर, रविवार

चर्च उघडलं. बाकांवर अंतर ठेवून बसवलं. पुरुषांच्या बाजूनं त्याचा खर्ज आला – मास्कमधूनही ओळखला. मी माझा सूर चुकले. मागून तोरिका वहिनी पुटपुटली, "वन्सं, देवाचे कान किटले बघा." हिच्या जिभेला हाड नाही. भावाशी बोलायचं नाही, आणि त्याच्या बायकोशी मात्र थट्टेशिवाय बोलायचं नाही!

२१ ऑक्टोबर

वाईट झालं. हॉटेलला आत्ता निम्मीच माणसं हवीत. गावाच्या बैठकीत ठरलं, एका घरातून एकच. हॉटेलची जमीन सगळ्या कुळाची, तर काम सगळ्या घरांना मिळावं. बरोबरच आहे. पण मी बापाच्या घरी परत आलेली. त्यामुळे चुली वेगळ्या असल्या तरी यादीत इलाइतिया आणि मी, वासिती, एकाच घरात! दोघांपैकी एक.

२२ ऑक्टोबर

वहिनीबरोबर अळूची पानं निवडत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, इलाइतिया कामावर जाणार आहे का? तो जाणार असेल तर मी मामाच्या घरात नाव लावून घेणार होते, त्यांच्याकडचं कुणी जात नाही. हे मात्र वहिनीला बोलले नाही. एवढी बेचाळीस वर्षांची बाई भावाचा आवाज ऐकायला धडपडतेय, कुठल्या तोंडानं सांगायचं?

२३ ऑक्टोबर

गाढव मी! आमच्यात विचारणं म्हणजे मागणं. शेजाऱ्याला "कुऱ्हाड छान आहे, कुठली?" म्हटलं तर संध्याकाळी कुऱ्हाड आपल्या दारात. त्यात विचारणारी बहीण असली तर बघायलाच नको. मला हे ठाऊक नव्हतं का? दुसऱ्याला शिकवलं असतं मी.

वहिनीनं माझा प्रश्न जसाच्या तसा त्याला सांगितला. त्यानं चहा संपवला, सरपंचांकडे गेला आणि स्वतःचं नाव खोडून आला. "तिला हवंय ना, मग तिला मिळू दे, एवढंच म्हणाले," वहिनी म्हणाली. घरात तीन पोरं, तरी ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दिलेलं परत करता येत नाही. केलं तर त्याचा अपमान.

१ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. धोबीखान्यात पालींनी संसार थाटलाय. चादरींच्या थप्प्यांना कुबट वास. दहाच्या सुमारास वाफ कमी पडली. मुद्दाम नाही, खरंच पडली. सवयीनं फोन उचलला.

पलीकडे लौतोका शहरातून आणलेला कुणी नवा माणूस आहे. चांगला असेल बिचारा. मी म्हटलं वाफ कमी आहे. तो म्हणाला बघतो.

टॉवेलांच्या कपाटामागे जाऊन पोटभर रडले.

६ नोव्हेंबर

वाफ ठीक.

१३ नोव्हेंबर, शनिवार

राहवलं नाही. वहिनीला सगळं सांगितलं – फोन, बारा वर्षं, मामाचं घर, सगळं. ती आधी इतकी हसली की मांडीवरचे कसावे घरंगळले. मग ते गोळा करू लागली.

"अहो वन्सं," ती म्हणाली, "हॉटेल बंद झाल्यापासून हे दहा वाजले की घरात येऊन घड्याळाकडे बघतात. मला वाटायचं, चहा हवाय."

वीस महिने ती त्याला दहाचा चहा देते आहे. आणि तो पितोय, मुकाट्यानं!

१४ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर वहिनीनं मला त्यांच्या पायरीवर बसवलं. तो ओट्यावर, पाठ वळवून जाळं शिवत. ती मध्ये उभी राहिली. मग तो तिला म्हणाला, "तिला विचार, नवा माणूस कसा आहे." मी वहिनीला सांगितलं, कामाचा आहे, बोलायचा नाही. त्यानं तिला आईच्या गुडघ्यांचं विचारलं, मी तिला सांगितलं. तिच्याकडे बघत आम्ही किती वेळ बोललो कोण जाणे.

शेवटी ती म्हणाली, "पाय मोडले माझे." आणि आत निघून गेली.

मध्ये कुणी उरलं नाही, तरी तो उठला नाही.