स्थिर संख्येतले उंदीर

३ नोव्हेंबर
निवृत्तीनंतर प्रथमच गणिताला खरं काम मिळालं. उंदरांनी वॉशिंग मशीनचा पाइप कुरतडला. स्वयंपाकघरात पाणी. अनुराधा म्हणाली, पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करा. मी म्हटलं, उभा जन्म कॉलेजात डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवली, आता माझ्या घरी औषधवाला येणार? ती म्हणाली, मग पाणी तरी पुसा. पुसलं. पुसता पुसता मॉडेल सुचलं.

४ नोव्हेंबर
मॉडेल सोपं आहे. उंदीर वाढले की मांजरं वाढतात, मांजरं वाढली की उंदीर घटतात, उंदीर घटले की मांजरं उपाशी. असं वरखाली होत दोघं एका आकड्यावर स्थिरावतात. ग्राफ देखणा आला. आता फक्त मांजर हवं.
निश्चय: रोज पहाटे उठून उंदरांची मोजणी.

५ नोव्हेंबर, सकाळी पावणेनऊ
मोजणी उद्यापासून.

७ नोव्हेंबर
अफझलगंजच्या धान्यवाल्याकडून मांजर आणलं. तो म्हणाला, साब, ये बिल्ली नक्को समझो, शेर है. नल्लकुंट्याला घरी येईपर्यंत ऑटोत शेरानं माझा सदरा फाडला. शुभ लक्षण. शिकारीचा वेग मी धरला होता त्याहून जास्त दिसतो.

८ नोव्हेंबर
अनुराधाला ग्राफ दाखवला. एजी ऑफिसात ऑडिट करून निवृत्त झालेली बाई. चष्मा लावून नीट पाहिला. मग विचारलं, ही उंदरांची रेघ शून्याला टेकत का नाही? म्हटलं, टेकणारच नाही, तेच तर सौंदर्य. उंदीर राहतील, पण स्थिर संख्येत.
तिनं चष्मा काढला. मग म्हणाली, अहो, म्हणजे एवढं गणित करून तुम्ही उंदीर ठेवून घेतलेत.
विषयाची आवड लागते. सगळ्यांना नसते.

११ नोव्हेंबर
मांजर फ्रिजवर झोपून असतं. आज समोरून उंदीर गेला. मांजरानं पाहिलं आणि कूस बदलली. अशक्तपणा असावा. कॅट फूडची मोठी पिशवी आणली. अंगात ताकद आली की करेल शिकार.

१५ नोव्हेंबर
कॅट फूड उंदीर खातात. तुकतुकीत झालेत.
केतकीला बंगळुरूला फोन केला. पोरगी म्हणाली, बाबा, भक्ष्याला खायला वाढवलं की मॉडेल डळमळतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हटलं, ते परीक्षेपुरतं होतं.

१८ नोव्हेंबर, सकाळी
दोष सापडला. मांजराला कुणाचा धाकच नाही. साखळीत तिसरा प्राणी हवा: कुत्रा. तीन प्राणी आले की कधीकधी केऑस होतो, सुरुवातीचा आकडा केसभर हलला तरी पुढचं सगळं बदलतं, असं पुस्तकं सांगतात. मी आकडा हलू देणार नाही. गेटजवळच्या कुत्र्याला उस्मानिया बिस्किटं घालत वर आणतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आकडा हलला.
मांजर पळालं ते समोरच्या वेंकटेश्वरलू गारूंच्या देवघरात. ते असोसिएशनचे अध्यक्ष. मांजरामागे कुत्रा, कुत्र्यामागे मी. नैवेद्याच्या पुलिहोराचं पातेलं पालथं झालं. चिंचेचा भात सगळीकडे. गारू शांतपणे एवढंच म्हणाले, चालू, मास्टारू. तेलुगूत ‘चालू’ म्हणजे पुरे, हे मला माहीत आहे. पण मराठी माणसाशी बोलत होते, म्हणून मी मराठी अर्थ धरला. प्रयोग चालू.

१९ नोव्हेंबर
अनुराधा गौलीगुड्याला भावाकडे गेली. बॅग भरताना म्हणाली, चौघांतले तिघं गेले की फोन करा. उंदीर, मांजर, कुत्रा. चौथं कोण, आणि राहायचं कुणी, हे स्पष्ट केलं नाही.

२१ नोव्हेंबर
एकांत कामाला उत्तम. चहा स्वतः केला. साखर कुठे असते माहीत नाही. फोन करून विचारणार नाही. बिनसाखरेचा चहा प्रकृतीला बरा.
कुत्रा बिस्किटं संपल्यावर आपणहून निघून गेला.

२४ नोव्हेंबर
घर फार मोठं वाटतं. मॉडेलवर याचा परिणाम नाही, नोंद म्हणून लिहिलं.

२५ नोव्हेंबर
पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. ही माघार नव्हे, बाह्य हस्तक्षेप. तो म्हणाला, आधी मांजर बाहेर काढा, मग औषध. शोधलं. मांजर माझ्या अभ्यासिकेतल्या कपाटात, माझ्या ग्राफांच्या गठ्ठ्यावर. सोबत पिल्लं. मांजर नव्हे, मांजरी. औषधवाला परत गेला. काय करायचं कळेना, म्हणून केतकीला फोटो पाठवला.

२६ नोव्हेंबर
केतकीनं फोटो आईला पाठवला. अनुराधा दुपारच्या आत घरी. माझ्याकडे न बघता सरळ कपाटाशी गेली. म्हणाली, बाळंतीण आहे, घरात विष आणायचं नाही. मी म्हटलं, तू आलीस ते बरं झालं. तिनं जुनी सुती साडी मागितली. दिली.

४ डिसेंबर
उंदीर दिसेनासे झाले. मांजरी रोज एखादा धरून पिल्लांकडे नेते. रेघ शून्याला टेकत आली. माझ्या मॉडेलमध्ये हे बसत नाही. मॉडेल सुधारावं लागेल. कागद अभ्यासिकेत आहेत, तिथे मला प्रवेश नाही. हे जेवणाच्या टेबलाशी, अभ्यासिकेच्या दारात खुर्ची टाकून लिहितोय.
अनुराधाला विचारलं, एवढे दिवस लोळत होती, मग आताच शिकार का सुरू केली? ती म्हणाली, पदरात पोरं आहेत, तिला घर चालवायचंय. आणि जरा दारातून खुर्ची सरकवा. ती तुमच्यामुळे खोळंबलीय.
सरकवली.